केस कापण्याआधी कपड्यांच्या शिवणी पाहा

आपल्या निवाऱ्यातील एका गृहस्थांना दर चार-पाच दिवसांनी ताप येतो, नडग्या दुखतात आणि अंगभर खाजवल्याचे ओरखडे आहेत. तर त्यांचे केस भादरून उवांचे औषध लावावे का, असे आपण विचारले आहे. केस भादरू नका. अशा तापाचे काही आजार कपड्यांतल्या उवेमुळे पसरतात, डोक्यातल्या नव्हे. ती शिवणीत राहते, तिथेच लिखा घालते आणि रक्त पिण्यापुरती अंगावर येते. बनियन उलटे करून काखेची शिवण विजेरीच्या उजेडात पाहा, तसाच विजारीचा नेफाही. लिखा असल्या तर दोऱ्याला ओळीने चिकटलेल्या दिसतील.

फ्रेंच वैद्य शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये उत्तर आफ्रिकेतील ट्यूनिस येथे टायफस हा साथीचा ताप उवेमुळे पसरतो हे दाखवले, ते अशाच एका निरीक्षणावरून: रुग्णालयाच्या दारापर्यंत रुग्णाकडून इतरांना लागण होई, पण आंघोळ घालून कपडे बदलले की वॉर्डात ती थांबे. (हा टायफस म्हणजे टायफॉइड नव्हे.)

आपण सांगितलेल्या लक्षणांवरून मला खंदकज्वराची (ट्रेंच फीवर) शंका येते. हाही उवेमुळेच होतो. पहिल्या महायुद्धातील सैनिकांचा हा आजार १९९० च्या दशकात अमेरिकेतील सिएटल आणि फ्रान्समधील मार्सेच्या बेघरांत पुन्हा आढळला. उवेच्या विष्ठेतले जंतू खाजवलेल्या कातडीतून रक्तात शिरतात, काही रुग्णांत महिनोन्‌महिने राहतात आणि हृदयाच्या झडपाही खराब करतात. नेहमीच्या रक्ततपासणीत ते सहसा सापडत नाहीत, म्हणून कपड्यांत उवा होत्या हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. उपचार काही आठवडे चालतात. उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका. उवा नखांनी चिरडूही नका, कारण उवेमुळे होणाऱ्या आणखी एका आजाराचे, उलटून येणाऱ्या तापाचे (रिलॅप्सिंग फीवर), जंतू चिरडलेल्या उवेतून अंगात जातात.

कपडे आणि अंथरूण किमान ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवून गरम हवेच्या यंत्रात वाळवा. धुता येत नसेल ते पिशवीत दोन आठवडे घट्ट बांधून ठेवा. मात्र अंगावरचा कोट मागण्याआधी दुसरा हातात द्या. माझ्या अनुभवात माणसे आंघोळीला नाही म्हणत नाहीत, कोट सोडायला नाही म्हणतात, कारण त्यांची कागदपत्रे, पैसे, फोटो सगळे त्याच्या खिशांत असते. खिसे त्यांनाच रिकामे करू द्या, आणि तो कोट त्याच संध्याकाळी, सांगितलेल्या वेळेला, परत करा.