पाच ग्रुपमध्ये नाव आहे, पण तू आहेस कुठे?

प्रिय मुली,

तुझा तो लांबलचक मेसेज दोनदा वाचला. व्हॉइस नोट पाठवणार होते पण मी बोलायला लागले की भरकटते म्हणून टाइप करतेय, तशी टाइप करतानाही भरकटणारच आहे, तुला माझी सवय आहे. एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), नाटक, डिबेट, रोटरॅक्ट (रोटरीचा तरुणांचा क्लब) आणि आता ते प्लेसमेंट सेलचं व्हॉलंटियरिंग, यातलं काय ठेवू आणि काय सोडू असं विचारलंस, घरचे म्हणतात सेकंड इयरला सगळं बंद कर हेही लिहिलंस, आणि एकदम खाली हळूच 'सीव्हीवर कशाने जास्त फरक पडतो?' बरं झालं विचारलंस, बाकीचे मनात ठेवतात आणि सेवाभावावर भाषण देतात.

मग सीव्हीचं आधी उरकून टाकू. एनएसएसचं गणित सोपं आहे, वर्षाला 120 असे दोन वर्षांत 240 तास भरायचे आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं, की सर्टिफिकेट. ते घे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण एक बघ, ही योजना 24 सप्टेंबर 1969 ला, म्हणजे गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली तेव्हा 37 विद्यापीठं आणि 40 हजारांच्या आसपास मुलं होती, आता स्वयंसेवकांचा आकडा लाखांत गेलाय, म्हणजे जो कागद तुझ्याकडे असेल तोच समोरच्या खुर्चीत बसून वाट बघणाऱ्या मुलाकडेही असणार. मी इंटरव्ह्यू पॅनलवर बसते तेव्हा 'एनएसएसमध्ये काय केलंस?' याचं उत्तर सगळे फाडफाड देतात, वृक्षारोपण केलं, स्वच्छता केली, पथनाट्य केलं, बंधारा बांधला. दुसरा प्रश्न असतो 'बरं, मग पुढे त्याचं काय झालं?' आणि इथे नव्वद टक्के गाडी बंद पडते. झाड जगलं का माहीत नाही, पथनाट्य बघून कोणी काही विचारलं का आठवत नाही.

बंधाऱ्याचंच घे, कारण तुझ्या पुढच्या शिबिरात बहुतेक तोच असेल. वनराई बंधारा म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची आणि ओढ्यात आडव्या रचायच्या, पावसाळा संपून धार बारीक झाली पण आटली नाही अशा दिवसांत. ऐकायला एका वाक्याचं काम. पण गोणी गळ्यापर्यंत भरली की ती दगडासारखी गोल होते, शेजारच्या गोणीला चिकटून बसत नाही आणि फटीतून पाणी पळतं, म्हणून जरा रिकामी ठेवून तोंड सुतळीने शिवायचं, आणि वरचा थर विटांसारखा सांधा मोडून लावायचा. हे बौद्धिक सत्रात कोणी सांगत नाही, गावातला एखादा काका बांधावर उभा राहून तासभर आपली गंमत बघतो आणि मग न राहवून खाली उतरून सांगतो. मी एनएसएसची प्रोग्रॅम ऑफिसर होते तेव्हा हे बरेचदा बघितलंय, आणि माझी नजर नेहमी असायची की काका बोलायला लागल्यावर कोण थांबतं आणि कोण सेल्फी काढत राहतं. जी मुलं हातातली गोणी ठेवून 'काका, मग कसं लावू?' म्हणायची, ती मुलं पुढे कुठेही गेली तरी शिकतात, माझा तो अंदाज फारसा चुकलेला नाही.

आणि खरी गोष्ट तर शिबिर संपल्यावर सुरू होते गं. सातव्या दिवशी समारोप, पाहुण्यांचं भाषण, रडारड, बसमध्ये गाणी, व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव बदलून 'फॅमिली' वगैरे. पाणी अडलंय की नाही हे कळतं फेब्रुवारीत, आणि तेव्हा तिकडे कोणी फिरकत नाही कारण तास भरलेले असतात. तू जा. एकटी नको, दोघी-तिघी जा, एसटीने जा, कोणी पाठवत नाही आणि हजेरी लागत नाही अशा दिवशी जा. बंधारा फुटलेला असेल तर कुठून फुटला ते बघ, वरचा थर गेला की बाजूच्या काठाची माती खचली, आणि ज्यांच्या विहिरीजवळ बांधलाय त्यांना विचार की फरक पडला का. ते कदाचित म्हणतील काही नाही पडला. हे तोंडावर ऐकून घ्यायची सवय वीस वर्षांच्या वयात लागली तर तू माझ्या वयाच्या निम्म्या लोकांच्या पुढे आहेस.

जाता जाता एक, गाडगेबाबा गावात पोचले की आधी खराटा हातात घ्यायचे, गटारं-रस्ते साफ करायचे आणि कीर्तन मग रात्री. आपल्या शिबिरांत नेमकं उलटं असतं, आधी दीड तास उद्घाटन, मग हारतुरे, मग बॅनर धरून फोटो आणि ऊन चढल्यावर श्रमदान. मला बॅनरचा राग आहे हे तुला माहितीय, असो.

आता मला खरं जे तुला सुचवायचंय ते. या सेमिस्टरला रायटर म्हणून बस. लेखनिक गं, डोळ्यांनी न दिसणाऱ्या मुलांचा पेपर लिहायला. आपल्याकडे दर परीक्षेच्या आधी ग्रुपवर मेसेज फिरतात, 'उद्या सकाळी 11 चा पेपर आहे, रायटर हवा, अर्जंट', आणि शंभर जण तो मेसेज फॉरवर्ड करतात, बसायला एकजण तयार होत नाही. हे काम तुला तीन तास बांधून ठेवतं, खरं तर चार, कारण नियमाप्रमाणे त्यांना तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त. फोटो नाही, मोबाइल बाहेर, बोलायला कोणी नाही.

यात काय होतं ते सांगते. आधी अख्खी प्रश्नपत्रिका वाचून दाखवायची, हळू, मार्कांसकट, 'किंवा' कुठे आहे ते स्पष्ट सांगत, कारण तुला कागदावर एका नजरेत जे दिसतं ते त्याला फक्त तुझ्या आवाजातून मिळणार असतं, आणि आवाजातलं मागे जाऊन बघता येत नाही. मग तो सांगतो आधी चौथा लिहू. तो बोलतो, तू लिहितेस. आणि मग कुठेतरी तो सन चुकीचा सांगतो. तुला बरोबर उत्तर येतंय, कालच वाचलंय, जिभेवर आहे. आणि तुला तो चुकीचा सन जसाच्या तसा लिहायचाय. 'नक्की ना?' असंसुद्धा म्हणायचं नाही, कारण त्या 'नक्की ना'तच उत्तर असतं. पेन थबकलं तरी त्याला कळतं बरं का, ही मुलं आवाजावरून आणि थांबण्यावरून इतकं ओळखतात की तुला वाटतं आपण गप्प आहोत पण आपण गप्प नसतो. पेपर त्याचा आहे, चूकही त्याची आहे आणि ती करायचा हक्कही त्याचाच. तू डिबेटमध्ये किती मस्त बोलतेस हे मी ऐकलंय, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तुझं उत्तर तयार असतं, म्हणून तर म्हणतेय, तुला हा चार तासांचा गप्प बसण्याचा कोर्स हवाच आहे.

आणि उलट बाजूही आहे, दया. पहिल्यांदा बसणाऱ्या मुली फार हळवेपणाने वागतात, हाताला धरून ओढतच नेतात, आवाज लहान बाळाशी बोलल्यासारखा. नको तसं. हात हवा का ते विचार, हवा असेल तर तो तुझा कोपर धरेल आणि अर्धं पाऊल मागे चालेल, तू त्याला ढकलायचं नाहीस. पायऱ्या आल्या की वर की खाली एवढं सांग. जमलं तर पेपरच्या एक-दोन दिवस आधी भेटा, त्याचा बोलण्याचा स्पीड कळतो, तुझं अक्षर किती वेगात टिकतं ते कळतं, परिच्छेद कुठे पाडायचा, अधोरेखित करायचं का, उरलेली वेळ दर किती वेळाने सांगायची हे ठरवून टाका. ठरवायचं त्याने, तू विचारायचंस.

नाटकाबद्दल. नाटक ठेव, पण या वर्षी रोल मिळाला नाही म्हणून जे तोंड पाडून बसलीयस ते बस झालं. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे आणि इतक्या वर्षांत किती तरी मुलं बॅकस्टेज करतच नाटक शिकली. प्रॉपर्टी सांभाळ. दुसऱ्या प्रवेशात टेबलावर पत्र हवं असतं आणि ते नसलं तर हिरॉइन कितीही रडली तरी प्रेक्षक टेबलाकडे बघत बसतात, इतकं साधं आहे ते. लिस्ट करणारी, अंधारात वस्तू जागेवर ठेवणारी, चुकलं तर शिव्या खाणारी आणि चुकलं नाही तर कोणाच्या लक्षातही न येणारी जागा एक वर्ष घेऊन बघ. मला विचारशील तर मी माझ्या टीममध्ये हिरॉइनच्या आधी त्या मुलीला घेईन.

मग सोडायचं काय? रोटरॅक्ट आणि प्लेसमेंट सेल सोड. ती वाईट आहेत म्हणून नाही, तू तिथे फक्त ग्रुपमध्ये आहेस म्हणून. मी एकच कसोटी लावते, तू दोन आठवडे गेली नाहीस तर कोणाचं काही अडेल का? नाटकात अडेल, रायटर म्हणून गेली नाहीस तर एका मुलाचं वर्ष अडेल, डिबेटमध्ये खरं सांग, अडतं का? माझ्या मते नाही, पण ते तुला आवडतं, तेव्हा स्पर्धा सोड आणि महिन्यातून एकदा ज्युनियर्सना शिकवायला जा. बाकी रक्तदान शिबिराला टेबलावर बसायला हरकत नाही, उलट जाच, आणि स्वतःचं हिमोग्लोबिन तपासून घे. 12.5 च्या खाली असेल तर रक्त घेत नाहीत, आणि दर वर्षी हौसेने रांगेत उभ्या राहिलेल्या कितीतरी मुली तिथून परत फिरतात, हिरमुसतात आणि विसरून जातात. रक्त दिलेल्यांची संख्या बोर्डावर लागते, या परत फिरलेल्यांची यादी कोणी करत नाही. तू कर, त्यांची परवानगी घेऊन, कॉलेजच्या डॉक्टर मॅडमना दे, तीन महिन्यांनी परत तपासायला बोलव. बघ, नवीन क्लब न काढता नवीन काम निघालं.

घरच्यांचं. ते अगदी चुकीचं बोलत नाहीयेत, मागच्या सेमिस्टरला तुझे मार्क घसरलेत हे मला दिसतंय, आणि ते एनएसएसने नाही, पाच ग्रुपचे मेसेज रात्री एकपर्यंत वाचण्याने घसरलेत. बाबांशी वाद घालू नकोस, त्यांना आठवड्याचं वेळापत्रक दाखव, त्यात काय कमी केलंय ते दिसू दे. 'सर्वांगीण विकास' हा शब्द त्यांच्यासमोर काढू नकोस फक्त, ते चिडतील, मीही चिडते.

ती एनएसएसची डायरी असते ना, ज्यात सगळे शेवटच्या आठवड्यात एकाच पेनाने अख्ख्या वर्षाचे तास भरतात आणि सरांची सही घेतात, ती जरा खरी लिही. चारच ओळी, त्याच दिवशी. मी काय केलं हे नको, ते सगळे लिहितात. कोण भेटलं, त्यांनी काय मागितलं, मला काय देता आलं नाही, आणि पुढच्या वेळी कोणाला विचारायचं. इंटरव्ह्यूचा तो दुसरा प्रश्न आला की तुला आठवावं लागणार नाही, आणि नाही आला प्रश्न तरी दोन वर्षांनी वाचताना तुला स्वतःचीच गंमत वाटेल, की अरे, आपण तेव्हा लोकांना किती सल्ले देत होतो.

बास, फार झालं. दोन ग्रुपमधून बाहेर पडताना नुसतं 'लेफ्ट' होऊ नकोस, तिथल्या को-ऑर्डिनेटरला भेट आणि तुझ्याकडे अर्धवट असलेलं काम कोणाकडे देतेयस ते सांगूनच बाहेर पड. रायटरचं ठरलं तर आधी परीक्षा विभागात जाऊन विचार, कारण केंद्राच्या 2018 च्या नियमावलीत असं होतं की परीक्षार्थीने स्वतःचा रायटर आणला तर त्या रायटरचं शिक्षण एक पायरी खालचं हवं, तेव्हा आताचा नियम काय आणि तुझं कोणाच्या पेपरला चालेल ते तेच सांगतील. आयडीची झेरॉक्स, मार्कशीट आणि दोन फोटो आजच एका पाकिटात घालून बॅगेत ठेव, पेपरच्या दिवशी सकाळी साडेदहाला सगळे तेच शोधत असतात.

तुझी,
मॅडम