‘मोडशीने देवाज्ञा झाली’ : जुन्या मुंबईतली मोडशी

एका वाचकाच्या घराण्यातील एकोणिसाव्या शतकातल्या टिपणात, मुंबई बंदरात कामाला असलेल्या पूर्वजाविषयी ‘मोडशीने देवाज्ञा झाली’ असे वाक्य आहे. मोडशी म्हणजे अपचन; मग अपचनाने धडधाकट माणूस एकाएकी कसा दगावेल, अशी त्यांची शंका आहे.

शंका रास्त आहे. आज मोडशी म्हटले की जड खाण्याने बिघडलेले पोट आणि त्यावर आल्या-लिंबाचा रस किंवा एखादे लंघन एवढेच आठवते. पूर्वी मात्र हा शब्द साध्या अजीर्णापासून प्राणघातक ढाळ-वांत्यांपर्यंतच्या साऱ्या विकारांना लावला जात असे. याचा भक्कम पुरावा गोव्यात मिळतो. तेथे वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली छापलेल्या औषधींवरील ग्रंथात, जोराच्या वांत्या आणि जुलाब होऊन रोग्याला बहुधा एका दिवसात संपवणाऱ्या दुखण्याचे वर्णन केले असून त्याचे स्थानिक नाव ‘मोर्शी’ असे नोंदवले आहे. हे नाव आपल्या मोडशीचेच. पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोर्देशीं’ केले, आणि पुढे फ्रेंचांनी त्याच ध्वनींत ‘कुत्र्याचे मरण’ असा अर्थ देणारे आपले शब्द ऐकले. मूळ शब्दात कुत्रा नाही. तो ‘मोडणे’ या क्रियापदावरून आला असे मानतात, आणि ‘अंग मोडून येणे’ हा प्रयोग आपल्या बोलण्यात अजून असल्याने मला ती व्युत्पत्ती पटते.

मग मोडशी सौम्य कशी झाली? माझ्या मते याचे उत्तर 1817 नंतरच्या साथींत आहे. बंगालमध्ये त्या वर्षी उसळलेला कॉलरा देशावरून घाट उतरून 1818 च्या पावसाळ्यात मुंबईत पोहोचला, आणि त्यानंतर शतकभर तो पुन्हा पुन्हा येत राहिला. गलबतांची सतत ये-जा, गोदीच्या आसपास दाटीने राहणारे मजूर आणि उघड्या विहिरी-तलावांचे पाणी एवढे असल्यावर त्याला वेगळे निमित्त लागत नसे. विहार तलावाचे पाणी शहराला मिळू लागले ते 1860 साली, आणि आरोग्याधिकारी नेमला गेला तो 1865 च्या कायद्यानंतर. सकाळी कामावर गेलेला माणूस रात्री स्मशानात, अशा मरणाला लोकांनी ‘पटकी’ म्हटले, ‘जरीमरी’ म्हटले, गावोगाव मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेला. वांद्र्याच्या तलावाकाठी जरीमरीचे देऊळ आजही आहे. शास्त्री-वैद्यांकडे ‘विषूचिका’ हा जुना संस्कृत शब्द होताच. भीतीचा सगळा भार या नावांनी उचलला आणि मोडशीकडे केवळ पोटाची कुरबुर उरली, असे मला वाटते. अर्थात हा बदल एका रात्रीत झालेला नाही, आणि म्हणूनच आपल्या टिपणासारख्या लेखनात जुना अर्थ टिकून राहिलेला दिसतो.

मृत्यूचे कारण कोण सांगत होते, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. त्या काळच्या मुंबईत पुष्कळ माणसे वैद्य किंवा डॉक्टर न पाहताच मरत, आणि नोंदीत कारण जाई ते नातेवाइकांच्या तोंडचे. ‘ताप’ या एका शब्दाखाली तर किती निरनिराळे रोग पुरले गेले असतील! 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, त्यानंतरही सक्तीने रुग्णालयात नेतील आणि घर उपसतील या धास्तीने अनेक कुटुंबांनी ‘गाठीचा ताप’ म्हणण्याऐवजी नुसता ‘ताप’ सांगितला. अशा नोंदी वाचताना त्या माणसांना खोटे ठरवण्याची घाई करू नये. त्यांच्यावर काय गुदरले होते ते आधी पाहावे.

आपल्या टिपणापुरते सांगायचे तर, आजारपण किती दिवस चालले याचा उल्लेख त्यात आहे का, ते पाहावे. एका-दोन दिवसांत, विशेषतः उन्हाळ्यात किंवा पावसाळ्याच्या तोंडी मृत्यू आला असेल आणि त्याच सुमारास घरात किंवा शेजारी आणखी कोणी गेल्याची नोंद असेल, तर तेथे मोडशीचा अर्थ पटकी असाच घेणे योग्य ठरेल. दुखणे महिनाभर रेंगाळले असेल, तर मात्र तो अतिसार, संग्रहणी किंवा पोटाचा दुसरा एखादा जुनाट विकार असण्याचा संभव अधिक.