लेबल वाचा, मग साल सांगा

मागच्या अंकात ट्रंकेतल्या जुन्या लोकरी कपड्यांवर दोन ओळी काय लिहिल्या, पत्रं यायची थांबेनात, आणि निम्म्यांचा प्रश्न एकच की आमचा स्वेटर किती जुना. आपल्याकडं थंडी मुळात महिना-दीड महिना, स्वेटर अंगावर कमी आणि डांबरगोळ्यांत जास्त, त्यामुळं कोल्हापुरातल्या घरांत चाळीस वर्षांपूर्वीचं लेबलसुद्धा कोरं करकरीत सापडतं. काही पत्रं घेते.

प्रश्न : आमचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला होते. त्यांच्या ट्रंकेत बाटलीच्या रंगाचा व्ही गळ्याचा स्वेटर आहे, १९४५ ला परत येताना आणला असं घरात सगळे सांगतात. लेबलवर सेंट मायकल, मेड इन यूके, लोकरीच्या गुंड्यासारखं एक चिन्ह आणि टबाचं चित्र आहे, टबात ७ आणि ४०. खरंच युद्धातला का? (राजारामपुरी)

ताई, राग मानू नका, पण हा युद्धातला नाही. सेंट मायकल हे मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानाचं नाव, १९२८ पासून २००० पर्यंत चाललं, म्हणजे नुसतं तेवढंच असतं तर १९४५ बसलं असतं. पण तो गुंडा म्हणजे वूलमार्क, शंभर टक्के नवी लोकर असल्याची खूण, आणि ती आली १९६४ ला. त्याच्या आधीच्या कपड्यावर ती असूच शकत नाही. टब तर आणखी पुढचा. ब्रिटनमध्ये एक काळ असा होता की धुण्याच्या प्रकाराला नंबर असायचे, ७ म्हणजे मशिनला लावता येणारी लोकर आणि ४० म्हणजे पाण्याचं तापमान, नंतर ऐंशीच्या दशकात हे नंबर गेले आणि टबाखाली रेघा आल्या. तेव्हा तुमचा स्वेटर साधारण सत्तरीतला किंवा ऐंशीच्या सुरुवातीचा धरा.

इथं सगळेच चुकतात म्हणून जरा थांबून सांगते. लोकं लेबलवरची सगळ्यात जुनी गोष्ट शोधतात आणि तिच्यावर साल ठरवतात, बघायची असते सगळ्यात नवी. लग्नपत्रिकेवर मोबाईल नंबर असेल तर वर ‘श्री गजानन प्रसन्न’ कितीही जुन्या वळणात छापलेलं असू दे, ती पत्रिका आजीच्या लग्नाची होत नाही ना, तसंच हे.

खरंच युद्धकाळातला ब्रिटिश कपडा असता तर त्यावर बहुतेक सीसी ४१ ची खूण दिसली असती, तुकडा कापलेल्या दोन भाकऱ्या शेजारी ठेवल्यासारखे दोन सी आणि पुढं ४१. टंचाईत सरकारनं ठरवून दिलेल्या कपड्यांवर ती १९४१ ते १९५२ असायची. आणि पलटणीतून मिळालेला असता तर बाणाची खूण शोधा म्हटलं असतं. आता घरात एवढंच विचारा की सत्तर-ऐंशीत इंग्लंडला कोण गेलं होतं, एखादे काका-मामा निघतीलच. आणि आजोबांनी तो घातला नसेल असं मी कुठं म्हणते, ऐंशी सालीही त्यांना थंडी वाजतच असणार की.

प्रश्न : वडिलांच्या लाल इमलीच्या हाफ स्वेटरवर कानपूर नाही, ‘कॉनपोर’ असं इंग्रजी काळातलं स्पेलिंग आहे. म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीचा नक्की? (शिवाजी पेठ)

नक्की नाही, दादा. शहराचं स्पेलिंग १९४८ ला बदललं हे बरोबर, पण ते गिरणीच्या नावातही होतं. लाल इमली काढणारी कॉनपोर वुलन मिल्स ही १८७६ ची गिरणी, आणि शहराचं बदललं म्हणून कंपनी आपलं नाव लगेच बदलत नसते, तिनं ते पुढंही ठेवलं. नावाकडं बघू नका, पत्त्याकडं बघा. पत्त्यात सहा आकडी पिनकोड आहे का? आपला ४१६ नं सुरू होतो तसा तिकडचा २०८ नं. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, तो असेल तर विषय संपला. नसेल तर मात्र लगेच उड्या मारू नका, नसण्यावरून काही सिद्ध होत नाही. किमतीची चिठ्ठी राहिली असेल तर तीही बघा, ‘नये पैसे’ लिहिलेलं असेल तर १९५७ ते १९६४ मधली, आणि आणे असतील तर बहुतेक त्याच्याही आधीची.

प्रश्न : थंडीत तिबेटी लोकांकडून घेतलेला जुना स्वेटर आहे, लेबलवर प्युअर वूल, आई म्हणते कॅश्मिलॉन. कोण बरोबर? (कसबा बावडा)

आईच, बहुतेक. कॅश्मिलॉन हे मुळात एका जपानी कंपनीच्या ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम, धाग्याचं नाव, आपल्याकडं सगळ्याच ॲक्रिलिकला ते चिकटलं. आतल्या शिवणीतून एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा, केस जळल्याचा वास आणि चुरडणारी राख म्हणजे लोकर, वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. लेबल कुणीही छापतं आणि कुणीही शिवतं. लेबलच्या कडेचा दोरा स्वेटरच्या शिवणीपेक्षा वेगळा, नवा दिसला की संशय घ्यायचा.

प्रश्न : लेबलवरचं सगळं पुसलंय, काही उपाय? (उचगाव)

धुऊ नका, इस्त्री तर नकोच. अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च लेबलला अगदी तिरपा धरा, विणलेल्या लेबलवर रंग गेला तरी अक्षरांचे उंचवटे राहतात. छापील असेल तर उजेड मागून टाका. आणि मानेला टोचतंय म्हणून कापू नका, मी आईच्या स्वेटरचं असंच कापलं होतं, नववीत असताना, आणि आता लोकांना सालं सांगत बसते पण त्याचं साल मलाच माहीत नाही.