वाचकांचे प्रश्न : ‘ट्वेन्टी-फाइव्ह ट्वेन्टी-वन’

प्रश्न : या कोरियन मालिकेतल्या तलवारबाजीत दोघींचेही दिवे एकदम लागतात. मग गुण एकीलाच का?

उत्तर : ना ही-दो आणि को यू-रिम खेळतात तो प्रकार सेबर. त्यात कमरेच्या वरचं शरीर हे लक्ष्य असतं आणि टोक टोचावंच लागतं असं नाही, पात्याची कडही चालते. त्यामुळे दोघींचे वार एकाच क्षणी बसणं नेहमीचंच. दिवा फक्त वार बसल्याचं सांगतो, गुण कुणाचा ते पंच ठरवतात. आधी हात लांबवून जी चढाई करते, हक्क तिचा. समोरचीने पात्यावर वार अडवला की हक्क तिच्याकडे जातो, आणि तिचा उलटवार बसला तर गुण तिला. दोघी खरोखरच एकदम चालून गेल्या तर गुण कुणालाच नाही. वैयक्तिक बाद फेरीचा सामना 15 गुणांचा, त्यामुळे शेवटच्या गुणावर असा निर्णय आला की वाद पेटणारच. आशियाई स्पर्धेच्या अंतिम लढतीत नेमकं तेच होतं. ती लढत पुन्हा बघताना दिव्यांकडे बघू नका. कुणाचा हात आधी सरळ होतो ते बघा.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. मालिकेतली ग्योंगजू शहरातली आशियाई स्पर्धा काल्पनिक आहे. मालिकेच्या काळातली खरी आशियाई स्पर्धा 1998 साली बँकॉकला झाली, आणि महिलांचं सेबर ऑलिंपिकमध्ये आलं ते थेट 2004 साली, अथेन्सला.

प्रश्न : सुरुवातीला ही-दो 18 वर्षांची सांगतात, पण ती त्याहून लहान वाटते.

उत्तर : तिथल्या जुन्या हिशेबात मूल जन्मतःच एक वर्षाचं, आणि दर 1 जानेवारीला सगळ्यांचं वय एकाने वाढायचं. आपल्या मोजणीने ती 16-17ची. कायदेशीर कामांसाठी जून 2023 पासून कोरियाने आपल्यासारखीच मोजणी ठरवली.

प्रश्न : शाळेने ही-दोचा संघ अचानक का मोडला?

उत्तर : डिसेंबर 1997मध्ये कोरियाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घ्यावं लागलं. कंपन्या बुडाल्या, नोकऱ्या गेल्या. शाळेच्या खर्चातही पहिली कात्री खेळावर बसली. मालिकेचा नायक बेक यी-जिन याच्या वडिलांचा धंदा याच लाटेत बुडतो.

प्रश्न : शेवट पटला नाही. ताटातूट उगाच घडवल्यासारखी वाटते.

उत्तर : (16 भाग पाहून झाले नसतील तर इथेच थांबा.) आमच्या मते शेवटाची तयारी बऱ्याच आधीपासून आहे. यी-जिन क्रीडा बातमीदार होतो तेव्हाच खेळाडूशी जवळीक आणि बातमी यांचा मेळ बसत नाही. यू-रिम रशियाचं नागरिकत्व घेते, ती बातमी त्यालाच द्यावी लागते. पुढे सप्टेंबर 2001च्या हल्ल्यांनंतर तो न्यूयॉर्कला जातो. ही-दो आणि यी-जिन भांडणाने तुटत नाहीत. एकाची गरज असते तेव्हा दुसरा कामात अडकलेला असतो, आणि हे इतक्यांदा होतं की शेवटी सांगणंच थांबतं. भागांच्या सुरुवातीचे आजच्या काळातले प्रसंग वगळू नका. ही-दोची डायरी वाचणाऱ्या तिच्या लेकीचं नाव किम मिन-चे. कोरियात मूल सहसा वडिलांचं आडनाव लावतं, आणि यी-जिन तर बेक.