स्टोरेजवाल्यांची ट्रंक आणि स्विचवाल्यांची ट्रंक

प्रश्न असा आला आहे : नासवर (नेटवर्कवरच्या सामायिक साठवण-पेटीवर) दोन पोर्टांचं ‘पोर्ट ट्रंकिंग’ चालू केलं, स्विचवाल्यानेही ‘दोन्ही पोर्ट ट्रंकमध्ये टाकले’ असं कळवलं, तरी एलएसीपी (पोर्ट एकत्र बांधण्यासाठी दोन्ही टोकांनी आपसात बोलायचा प्रोटोकॉल) काही जुळेना. दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत का?

होय, आणि चुकतंय कुणीच नाही. सिस्कोच्या परिभाषेत ट्रंक म्हणजे ८०२.१क्यू या मानकाचे टॅग लावून अनेक व्हीलॅनची (एकाच स्विचवर आखलेल्या वेगवेगळ्या आभासी नेटवर्कांची) वाहतूक नेणारा पोर्ट. केबल एकच असली तरी ती ट्रंकच. क्यूनॅपच्या नासवर किंवा एचपीच्या प्रोकर्व्ह स्विचवर मात्र ट्रंक म्हणजे अनेक पोर्ट बांधून केलेली एकच जोडणी. तिलाच सिस्को इथरचॅनल म्हणते, लिनक्स बाँड, विंडोज टीम आणि नेटॲप इंटरफेस ग्रुप. तेव्हा सिस्कोवाल्याला नुसतं ‘ट्रंक करून द्या’ म्हटलं, की तो व्हीलॅन मोकळे करणार आणि एलएसीपीला हातही लावणार नाही.

दोन्ही अर्थ टेलिफोनच्याच घरातले. दोन एक्स्चेंजमधल्या सामायिक लाइनी म्हणजे ट्रंक. आपला ट्रंककॉल त्यांच्यावरून जायचा, आणि एसटीडीतला ‘टी’ही तोच. (कपड्यांची लोखंडी ट्रंक इथे डोक्यातून काढा.) भरीस भर म्हणून एनएफएस ४.१ या नेटवर्कवरून फाइल वाटण्याच्या प्रोटोकॉलमध्ये ‘सेशन ट्रंकिंग’ आहे. त्यात पोर्ट बांधतच नाहीत. एकच सेशन अनेक टीसीपी जोडण्यांवर चालतं.

मराठीत बोलताना पहिल्या अर्थाला ट्रंकच राहू द्यावं. दुसऱ्यासाठी मी ‘जुडी’ म्हणेन : पोर्टांची जुडी. कोथिंबिरीच्या जुडीत काड्या सुट्याच राहतात, तसंच हे. एक-एक गिगाबिटचे दोन पोर्ट बांधले म्हणून एका फाइलला दोन गिगाबिट मिळत नाहीत. पाठवणाऱ्या-घेणाऱ्याच्या पत्त्यांवरून हॅश (एक ठरावीक आकडा) काढून प्रत्येक प्रवाह सहसा एकाच केबलवर टाकला जातो. फायदा दिसतो तो अनेक क्लायंट असतील तेव्हा. आयस्कझीला (नेटवर्कवरून डिस्क जोडण्याच्या पद्धतीला) तर जुडी नकोच. तिथे प्रत्येक पोर्टाला वेगळ्या सबनेटमधला (नेटवर्कच्या उपभागातला) आयपी देऊन मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग) वापरणं बरं.

स्विचवाल्याला ‘ट्रंक’ हा शब्द न वापरता सांगा : ‘हे दोन पोर्ट एलएसीपीने एकत्र बांधा, आणि त्या जोडणीवर अमुक व्हीलॅन टॅग करून द्या.’ व्हीलॅन एकच असेल तर ‘टॅग न करता’ म्हणा.