स्थानिक संगणकावर चालणारा सिग्नेचर पॅड टर्मिनल सर्व्हरवर का सापडत नाही?

काउंटरवरच्या संगणकाला यूएसबीने जोडलेला सिग्नेचर पॅड (पेनाने केलेली सही संगणकात घेणारे उपकरण) तिथल्या चाचणी प्रोग्रॅममध्ये नीट चालतो, पण टर्मिनल सर्व्हरवरच्या, म्हणजे अनेकजण दुरून जोडून ज्यावर काम करतात त्या मध्यवर्ती संगणकावरच्या, सॉफ्टवेअरला तो सापडत नाही आणि सर्व्हरवर ड्रायव्हर पुन्हा टाकूनही फरक पडत नाही, असे आपण लिहिले आहे. आरडीपी, म्हणजे विंडोजची रिमोट डेस्कटॉप जोडणी, कीबोर्ड, माउस, प्रिंटर अशी ठरावीक साधनेच आपण होऊन पलीकडे पोहोचवते. इतर यूएसबी उपकरणांना मुद्दाम वाट करून द्यावी लागते, आणि ड्रायव्हर कोणत्या बाजूला हवा हे त्या वाटेवर ठरते.

प्रथम पॅडचा प्रकार पाहा. स्थानिक संगणकाच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो ‘पोर्ट्स’खाली कॉम क्रमांकासह दिसत असेल तर तो आभासी सीरियल पोर्टचा (यूएसबीने जोडलेला असूनही विंडोजला जुन्या कॉम पोर्टसारखा दिसणारा) आहे, ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस’ (एचआयडी) खाली दिसत असेल तर एचआयडी प्रकारचा. टोपाझ कंपनीच्या पॅडमध्ये बीएसबी म्हणजे सीरियल आणि एचएसबी म्हणजे एचआयडी, त्यामुळे खरेदी करताना ही अक्षरे तपासलेली बरी.

टर्मिनल सर्व्हरसाठी मी नेहमी सीरियल पॅडच सुचवतो. यात ड्रायव्हर फक्त स्थानिक संगणकावर लागतो आणि सर्व्हरवर केवळ सही घेणारे सॉफ्टवेअर पुरते. रिमोट डेस्कटॉप कनेक्शनच्या ‘लोकल रिसोर्सेस’ टॅबमधील ‘मोअर’ बटण दाबून ‘पोर्ट्स’वर खूण करावी, आणि सर्व्हरच्या ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या प्रशासकीय नियमांत) कॉम पोर्ट रिडायरेक्शनला, म्हणजे स्थानिक पोर्ट सत्रात पोहोचवण्याला, मनाई केलेली नाही याची खात्री करावी. त्यानंतर सत्राच्या आत कमांड प्रॉम्प्टवर ‘चेंज पोर्ट’ ही आज्ञा दिली की पलीकडून आलेला पोर्ट यादीत दिसायला हवा. तो दिसत असूनही पॅड सापडत नसेल, तर गोंधळ बहुधा क्रमांकाचा असतो: सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच क्रमांक नोंदवलेला असतो आणि प्रत्येक टेबलावरच्या संगणकाने पॅडला वेगळा क्रमांक दिलेला असतो. सर्व संगणकांवर तो सारखा ठेवा, आणि शक्यतो नऊच्या आत, कारण काही जुन्या प्रोग्रॅमना दोन अंकी कॉम पोर्ट उघडता येत नाही. पॅड बदलला की विंडोज नवा क्रमांक देऊ शकते, हेही ध्यानात असू द्या.

एचआयडी पॅडच हाताशी असेल, तर संपूर्ण यूएसबी उपकरण पलीकडे न्यावे लागते. त्यासाठी स्थानिक संगणकावर रिमोटएफएक्स यूएसबी रिडायरेक्शनची (आरडीपीतून अख्खे यूएसबी उपकरण पोहोचवणाऱ्या सोयीची) पॉलिसी चालू करून तो संगणक पुन्हा सुरू करावा, आणि इथे मात्र ड्रायव्हर सर्व्हरवर हवा. सत्र चालू असेपर्यंत पॅड स्थानिक संगणकाला दिसत नाही. तो बिघाड नव्हे. या पद्धतीत उपकरणाशी होणारा सगळा संवाद नेटवर्कवरून ये-जा करतो, म्हणून अंतर्गत नेटवर्कवर ती खपून जाते, पण दूरच्या जोडणीवर पेनामागून रेघ रेंगाळत येते. पॅडच्या पडद्यावर मजकूर किंवा चित्र पाठवायचे असेल तर अडचण वाढते: ३२० × २०० बिंदूंच्या कृष्णधवल पडद्याला ८,००० बाइट पुरतात, तर ८०० × ४८० च्या रंगीत पडद्याला प्रत्येक बिंदूस ३ बाइट धरल्यास ११,५२,००० बाइट लागतात. चित्र पॅडमध्येच साठवण्याची सोय असल्यास ती जरूर वापरावी.

जोडणी संथ असेल तर उत्पादकाकडे आरडीपी किंवा सिट्रिक्ससाठी (दुरून काम करण्याची दुसरी एक प्रणाली) स्वतःचा व्हर्च्युअल चॅनल घटक, म्हणजे सत्राच्या आतून डेटा नेणारी वेगळी वाट, आहे का, हे विचारा. तो पॅड स्थानिक पातळीवरच वाचतो आणि सर्व्हरकडे केवळ सहीचा डेटा पाठवतो.

सत्र तुटून पुन्हा जोडल्यावर पॅड मुका झाला, तर सेटिंग बदलण्याआधी सही घेणारा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. त्याने जुन्या जोडणीतला पोर्ट धरून ठेवलेला असू शकतो.