कासवाचे डोळे सुजून मिटले असतील, तर थेंबांआधी आहार आणि पाणी तपासावे

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील सदस्याचा प्रश्न असा आहे की, कानशिलावर लाल पट्टा असलेल्या त्यांच्या लहान कासवाचे दोन्ही डोळे सुजून मिटले आहेत, त्याने खाणे सोडले आहे आणि दुकानातून आणलेल्या थेंबांनी काहीच फरक पडलेला नाही, तर आता दुकानदाराच्या सांगण्यावरून अ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन द्यावे काय? कासवाचा आहार जन्मापासून सुकट आणि कधीतरी भाताची शिते एवढाच आहे, असेही त्यांनी लिहिले आहे. खरे उत्तर या शेवटच्या वाक्यातच आहे.

हे रेड इअर्ड स्लायडर जातीचे पाणकासव आहे. अ जीवनसत्त्व डोळ्याभोवतीच्या ग्रंथींचे नाजूक, ओलसर अस्तर टिकवून ठेवते. अंड्यातून बाहेर येताना पिल्लाच्या शरीरात त्याचा थोडा साठा असतो. परंतु केवळ सुकटीवर वाढवल्यास तो काही महिन्यांत संपतो. मग हे अस्तर जाड व कोरडे होते, त्याचे पापुद्रे सुटून ग्रंथींच्या नलिका तुंबतात आणि पापण्या फुगतात. जंतुसंसर्ग बहुधा त्यानंतर होतो. म्हणून प्रतिजैविकाचे थेंब संसर्ग आटोक्यात आणू शकले, तरी मूळ सूज त्यांनी उतरत नाही. नाक आणि कान यांच्या अस्तरातही असाच बदल होत असल्याने नाकातून बुडबुडे येतात का, कासव एका बाजूला कलून पोहते का आणि डोळ्यामागे कानाच्या जागी गाठ आली आहे का, हे अवश्य पाहावे. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ नसतो, तो पनीरासारखा घट्ट असतो. त्यामुळे कानातील गाठ किंवा पापणीखाली साठलेला थर पशुवैद्यालाच काढावा लागतो. घरी काडीने कोरल्यास बुबुळाला इजा होते.

इंजेक्शनविषयी माझे मत स्पष्ट आहे: दुकानदाराच्या सल्ल्याने ते देऊ नये. अ जीवनसत्त्वाची मात्रा जास्त झाल्यास कासवाची कातडी सोलून निघते आणि ती जखम मूळ आजारापेक्षा अधिक त्रास देते. मात्रा ग्रॅममधील वजनावरून ठरते, म्हणून दवाखान्यात जाण्यापूर्वी स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करून ते लिहून न्यावे. आपल्याकडील पशुवैद्यांचा बराच वेळ गाई-म्हशी आणि कुत्र्यांमध्ये जातो, त्यामुळे दोन गोष्टी नम्रपणे सांगून ठेवण्यात संकोच करू नये. कासवाला आयव्हरमेक्टिन (जंत-गोचिडांवरील औषध) देऊ नये, कारण ते त्याच्यासाठी जीवघेणे ठरते. आणि डोळ्यात तपासणीचे रंगद्रव्य घालून बुबुळावर जखम नाही याची खात्री केल्याशिवाय स्टेरॉइड असलेले थेंब वापरू नयेत. घरातील माणसांच्या डोळ्यांसाठी आणलेल्या थेंबांतही अनेकदा स्टेरॉइड असते. मध, गुलाबपाणी, हळद यांपैकी काहीही डोळ्यांत घालू नये.

तोपर्यंत औषधाच्या दुकानात मिळणारे नॉर्मल सलाइन किंचित कोमट करून त्यात गॉझ भिजवावे आणि पापण्या हलक्या हाताने पुसाव्यात. पशुवैद्याने थेंब दिल्यास ते घातल्यावर कासवाला अर्धा तास पाण्याबाहेर ठेवावे, अन्यथा औषध पाण्यात वाहून जाते; मात्र त्यानंतर परत पाण्यात सोडावे, कारण हे कासव पाण्यातच गिळते आणि कोरडे राहिल्यास त्याच्या अंगातील पाणी कमी होते.

आता टाकीविषयी. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ऊन अनेक दिवस दिसत नाही आणि पाणी गार पडते. मग कासवाची भूक मंदावते आणि रोगाशी झुंजण्याची ताकदही घटते. हीटर लावून पाणी २५ ते २८ अंश सेल्सिअसवर ठेवावे. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजून तयार होणारा अमोनिया डोळ्यांना झोंबतो, म्हणून फिल्टर हवाच. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात कासवाला लागणारे अतिनील ब (यूव्हीबी) किरण जवळजवळ नसतात. पण त्यासाठी नवा दिवा आणल्यावर काही दिवसांतच डोळे मिटले असतील, तर संशय त्या दिव्यावर घ्यावा. काही दिव्यांच्या तीव्र किरणांनी बुबुळ भाजते.

आहारात पाणकासवांसाठीच्या चांगल्या प्रतीच्या गोळ्या मुख्य असाव्यात. त्यांच्या जोडीला अख्खे छोटे मासे, आठवड्यातून एकदा कलेजीचा लहान तुकडा, किसलेले गाजर, लाल भोपळा आणि शेवग्याचा पाला द्यावा. पंचगंगेतील केंदाळ फुकट मिळते म्हणून ते आणू नये. त्यासोबत नदीतील सांडपाणीही घरात येते.

याच धाग्यात जमिनीवरील कासवाबद्दल विचारणाऱ्यांसाठी थोडे वेगळे लिहितो. हिरवा पाला खाणाऱ्या जमिनीवरील कासवात अ जीवनसत्त्वाची कमतरता क्वचितच आढळते. त्याचे डोळे सुजल्यास कचरा, धूळ किंवा श्वसनमार्गाचा संसर्ग यांचा आधी विचार करावा. कासवांना डोळ्यातून नाकात जाणारी अश्रुनलिका नसते, त्यामुळे डोळ्याखालचा नुसता ओलावा हा आजार नव्हे. मात्र ते स्टार कासव (पाठीवर चांदणीसारखी नक्षी असलेले) असेल, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार ते घरी ठेवणे गुन्हा आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्याला सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या पहिल्या अनुसूचीत घेतले आहे. अशा वेळी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

मूळ प्रश्नकर्त्यांनी वजन, पाण्याचे तापमान आणि दिव्याच्या खोक्यावरील मजकूर येथे लिहावा. उपचार योग्य असले तरी अस्तर पूर्ववत होण्यास काही आठवडे लागतात. पण नाकातून बुडबुडे येत असतील किंवा कासव कलून पोहत असेल, तर उत्तराची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.